खंजिराची प्रतिकृती आणि पोलादाचा इतिहास : गोवळकोंड्याच्या जौहरदार पात्याचा शोध

ऐतिहासिक शस्त्राची प्रतिकृती तयार करणे हे कारागिराचे काम आहे, इतिहासाच्या अभ्यासकाचा त्याच्याशी फारसा संबंध नाही, असा सर्वसाधारण समज आढळतो. संग्रहालयाच्या दालनात ठेवण्यासाठी, नाटक-चित्रपटासाठी किंवा दिवाणखान्याच्या भिंतीसाठी केलेल्या प्रतिकृतींमुळे हा समज अधिकच पक्का झाला आहे. अशा वस्तूंत बाह्य आकार साधला म्हणजे काम संपते. परंतु प्रतिकृतीकडे पुरावा तपासण्याचे साधन म्हणून पाहिले तर तिचे स्वरूप पालटते. लिखित साधनांत सांगितलेली कृती प्रत्यक्षात उतरते की नाही, प्रवाशाने पाहिले ते पूर्ण होते की अपुरे, कारागिराने काय सांगितले नाही, या प्रश्नांची उत्तरे भट्टीसमोरच मिळतात.

पाश्चात्त्य देशांत रोमन सैनिकाच्या 'पुगिओ' या खंजिरावर अशा प्रकारचे पुष्कळ काम झाले आहे. २०१९ मध्ये जर्मनीतील हाल्टर्न येथील रोमन दफनभूमीत असा एक खंजीर म्यानासह सापडला. तो गंजाचा एक ओबडधोबड गोळा होता. अनेक महिन्यांच्या सफाईनंतर त्यावरील चांदीचे नक्षीकाम दिसू लागले. अशा अस्सल वस्तूची मोजमापे उपलब्ध झाली की प्रतिकृती करणाऱ्याचे निम्मे काम सोपे होते. दख्खनच्या खंजिराबाबत परिस्थिती याच्या उलट आहे. येथील अस्सल खंजीर जमिनीत गंजून पडलेले नाहीत. हैदराबादपासून न्यूयॉर्कपर्यंतच्या संग्रहालयांत ते चांगल्या अवस्थेत आहेत. त्यांचा आकार, मूठ, नक्षी सारे डोळ्यांसमोर आहे. तरीही त्यांची अचूक प्रतिकृती करणे एकोणिसाव्या शतकापासून जगातील नामांकित धातुतज्ज्ञांना कठीण गेले. याचे कारण पात्याच्या आकारात नसून पात्याच्या धातूत आहे. हे कारण समजून घेणे आणि त्यावरून दख्खनच्या कारागिरीच्या इतिहासाविषयी काय निष्पन्न होते ते पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शब्दांची साक्ष

धातूच्या इतिहासाकडे वळण्यापूर्वी भाषेतील साक्ष तपासणे उपयुक्त ठरेल. मराठीतील 'पोलाद' हा शब्द फारसी 'पूलाद' अथवा 'फौलाद' यावरून आला आहे. 'खंजीर' अरबी-फारसीतून आला. 'कट्यार' मात्र देशी परंपरेतील आहे. 'आईन-इ-अकबरी'तील शस्त्रांच्या यादीत 'जमधर' असे नाव येते. त्याचे मूळ संस्कृत 'यमदंष्ट्रा'त शोधले जाते. एकाच कमरपट्ट्यात खोवल्या जाणाऱ्या शस्त्रांची नावे अशी दोन्ही बाजूंनी आलेली आहेत.

त्याहून महत्त्वाचा शब्द 'जौहर' हा होय. उर्दू वाचकाला तो रत्न, सत्त्व, अंगचा गुण या अर्थांनी परिचित आहे. त्याच्या 'जवाहिर' या अनेकवचनावरून मराठीत 'जवाहीर' आणि 'जव्हेरी' हे शब्द रुळले. परंतु शस्त्रविद्येत 'जौहर' म्हणजे पोलादी पात्याच्या पृष्ठभागावर दिसणारी, पाण्याच्या लहरींसारखी नागमोडी रेघारेघांची नक्षी. उर्दू आणि फारसी काव्यात तलवारीच्या जौहराचा उल्लेख वारंवार येतो आणि वर्गात शिकवताना बहुधा त्याचा अर्थ 'तलवारीचा गुण' एवढाच सांगितला जातो. मुळात ती डोळ्यांना दिसणारी गोष्ट होती. गुण आणि नक्षी यांना एकच शब्द वापरला गेला, कारण खरेदीदार नक्षी पाहूनच गुण ओळखत असे.

दुसरा शब्द 'आब'. फारसीत आब म्हणजे पाणी, आणि पात्याची धार किंवा झळाळीही. मराठीतही लोहार पात्याला 'पाणी देतो' आणि चांगल्या शस्त्राला 'पाणीदार' म्हटले जाते. तापलेले पाते पाण्यात बुडवण्याच्या कृतीवरून दोन्ही भाषांत आलेला हा समान प्रयोग आहे. अरबीत हिंदी पोलादाच्या तलवारीला 'मुहन्नद' म्हणत. तलवारीला देशाचे नाव चिकटावे, यावरून त्या देशाच्या पोलादाची कीर्ती कळते.

रोम आणि अरब जगातील हिंदी पोलाद

ही कीर्ती इस्लामपूर्व काळापासूनची आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत आफ्रिकेच्या तांबड्या समुद्राकडील बंदरांत येणाऱ्या मालाची यादी आहे. त्यात 'आरिआके'च्या अंतर्भागातून येणारे हिंदी लोखंड आणि पोलाद नमूद आहे. आरिआके हा प्रदेश पश्चिम भारताच्या किनाऱ्यालगतचा, म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या किनारपट्टीशी निगडित मानला जातो. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील रोमन जकातीच्या यादीतही 'हिंदी लोखंड' हा जिन्नस आढळतो. यावरून रोमन सैनिकाचा खंजीर हिंदी पोलादाचा होता असा निष्कर्ष काढता येत नाही. पुगिओची पाती सामान्यतः स्थानिक घडीव लोखंडाची असत. एवढे मात्र खरे की हिंदी पोलाद हा त्या साम्राज्यात जकात द्यावी लागणारा परदेशी माल होता.

नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-किंदी याने खलीफा मुअतसिमसाठी तलवारींच्या प्रकारांवर एक रिसाला लिहिला. त्यात त्याने खाणीतून मिळणारे लोखंड आणि कृतीने सिद्ध केलेले फौलाद असा स्पष्ट भेद केला. अकराव्या शतकात अल्-बिरूनीने 'किताब अल्-जमाहिर' या खनिजविषयक ग्रंथात मुशीत पोलाद तयार करण्याची चर्चा केली. तेराव्या शतकात फख्र-इ-मुदब्बिर याने 'आदाब अल्-हर्ब' या सुलतान इल्तुतमिशला अर्पण केलेल्या ग्रंथात हिंदी तलवारींचा गौरव केला. हे तिन्ही लेखक विद्वान होते. त्यांच्यापैकी कोणी घण हाती घेतलेला नव्हता. त्यांच्या लेखनात पोलादाची पारख आहे, मात्र ते प्रत्यक्ष करून पाहता येईल इतका कृतीचा तपशील नाही.

येथे एक खबरदारी घ्यावयास हवी. मुशीत पोलाद करण्याची विद्या केवळ हिंदुस्थानची होती असे म्हणणे बरोबर नाही. मध्य आशियातील मर्व येथे नवव्या-दहाव्या शतकातील मुशीच्या पोलादाची कार्यशाळा उत्खननात सापडली आहे. श्रीलंकेतही ही परंपरा होती. दख्खनचे वैशिष्ट्य असे की येथील पोलाद कित्येक शतके परदेशी पात्यांसाठी मागवले जात राहिले.

आकाराचा प्रश्न

प्रतिकृतीचा पहिला टप्पा आकाराचा. दख्खनी खंजिराच्या बाबतीत साधनांची उणीव नाही. १५७० च्या सुमारास विजापुरात सिद्ध झालेल्या 'नुजूम अल्-उलूम' या सचित्र ग्रंथात शस्त्रांसंबंधी मजकूर आहे. तो ग्रंथ आता डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एक दख्खनी खंजीर आहे. त्याची मूठ तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली असून तिच्यावर एकमेकांवर झडप घालणारे प्राणी कोरलेले आहेत व माणके जडवलेली आहेत. अशाच घडणीचा खंजीर विजापूरच्या अली आदिलशहाच्या (कारकीर्द १५५८–१५८०) चित्रात त्याच्या कमरेला दिसतो. वस्तू आणि चित्र यांचा असा मेळ बसला की काळ व वापर दोन्ही निश्चित होतात. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयाच्या शस्त्रदालनातही खंजीर, जंबिये, कट्यारी यांची मोठी मांडणी आहे.

तरी आकारातही काही गोष्टी काचेच्या कपाटाबाहेरून कळत नाहीत. पात्याचे मुठीच्या आत शिरणारे टोक किती लांब आहे, मूठ पोकळ आहे की भरीव, पाते मुठीत कशाने बसवले आहे, हे बाहेरून दिसत नाही. हिंदी शस्त्रांत मुठीच्या पोकळीत तापवलेली लाख भरून पाते घट्ट बसवण्याची पद्धत सर्वत्र होती. प्रतिकृती करणाऱ्याने लाखेऐवजी आजचा रासायनिक डिंक वापरला तर मुठीचे वजन बदलते, आणि वजन बदलले की हातातील तोल बदलतो. छायाचित्रात ही प्रतिकृती अस्सलासारखीच दिसेल. हातात घेतली की ती वेगळी वस्तू ठरेल. पात्याच्या जाडीचेही तसेच. मुठीकडून टोकाकडे जाडी कशी कमी होत जाते, मधली शीर कोठे संपते, हे दर दोन बोटांवर मोजावे लागते. लांबी-रुंदी दोनच मापांवर केलेली प्रतिकृती बहुधा अस्सलापेक्षा जड भरते.

कोनासमुद्रमची मूस

आकार साधल्यानंतर खरा प्रश्न उभा राहतो तो जौहराचा. येथे हैदराबादच्या इतिहासाला महत्त्व येते. सतराव्या शतकात गोवळकोंड्याला अनेकदा आलेला फ्रेंच जव्हेरी ताव्हेर्निए याने इराणविषयक लेखनात नोंदवले आहे की जौहर उमटू शकेल असे पोलाद गोवळकोंड्याच्या राज्यातून येते. पावाच्या लहान गोळ्याएवढ्या वड्या येत, त्या मधोमध तोडून पारखल्या जात, आणि अर्ध्या वडीत एक तलवार होत असे. युरोपीय रीतीने पाणी दिले तर हे पोलाद काचेसारखे तुटेल, असेही त्याने सांगितले.

या वड्या जेथे होत त्या गावांपैकी सर्वांत प्रसिद्ध गाव म्हणजे निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम. गोदावरी नांदेडकडून पुढे ज्या प्रदेशात उतरते, तिच्या दक्षिणेस सुमारे बारा मैलांवर हे गाव आहे. १९५६ पर्यंत नांदेड आणि निजामाबाद हे दोन्ही जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते, हे लक्षात घेतले तर मराठवाड्याच्या वाचकालाही हा इतिहास परका वाटणार नाही.

मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात शल्यचिकित्सक व भूगर्भतज्ज्ञ म्हणून काम करणारा हेन्री व्हॉयसी याने हे काम प्रत्यक्ष पाहिले. तो १८२४ मध्ये मरण पावला आणि त्याचे वर्णन १८३२ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. त्यानुसार मुशीत दोन ठिकाणचे लोखंड एकत्र घातले जाई : मिर्तपल्लीचे तीन भाग आणि कोंडापूरचे दोन भाग. त्यासोबत काचेचे तुकडे पडत. मुशी स्थानिक मातीत भाताचे तूस व तेल मळून केलेल्या असत. भाते सुमारे चोवीस तास अखंड चालत. मुशी थंड झाल्यावर फोडून वड्या काढल्या जात, मग त्यांना मातीचा लेप देऊन पुन्हा तापवले जाई व सावकाश निवू दिले जाई, आणि हे तीन-चार वेळा होई.

यातील प्रत्येक गोष्टीला कारण होते, हे पुढील काळातील अभ्यासाने दाखवले. काच वितळून धातूवर थर धरते, त्यामुळे हवेचा संपर्क तुटतो व मळी वर येते. तुसाचे काम तर विशेष आहे. थेल्मा लोव यांनी १९८० च्या दशकात कोनासमुद्रमच्या मुशींच्या तुकड्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला. तूस जळताना त्यातील सिलिका आणि कार्बन मातीत सांगाड्यासारखे उरतात आणि १४०० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या उष्णतेत मूस ढासळू देत नाहीत, असे त्यातून दिसले. शेतकऱ्याच्या खळ्यावर फुकट मिळणाऱ्या वस्तूने हे साधले होते.

व्हॉयसीच्या नोंदीतील आणखी एक तपशील विचारात घेण्यासारखा आहे. त्या वेळी इस्फहानचा हाजी हुसेन नावाचा व्यापारी कोनासमुद्रमला मुक्कामाला होता. इराणी व्यापारी लोखंडाच्या वजनावर स्वतः नजर ठेवत. आपल्या देशात हे पोलाद करण्याचा प्रयत्न झाला होता पण तो साधला नाही, असे त्यांच्याकडून सांगण्यात आले. प्रमाण ठाऊक, कृती डोळ्यांसमोर, तरीही माल इस्फहानात होत नव्हता. जौहराची प्रतिकृती करण्याचा हा एक नोंदलेला अयशस्वी प्रयत्न होय.

युरोपच्या प्रयोगशाळांतील प्रयत्न

१७९४ मध्ये मुंबईतील डॉक्टर हेलिनस स्कॉट याने या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पाठवले. पुढील वर्षी जॉर्ज पियर्सन याने त्यावर निबंध वाचला आणि 'वूट्झ' हे नाव छापील स्वरूपात रूढ झाले. तेलुगू व कन्नडमधील 'उक्कु' या पोलादवाचक शब्दाचा तो अपभ्रंश मानला जातो.

त्यानंतर मायकेल फॅरडे याने जेम्स स्टोडार्ट या हत्यारे घडवणाऱ्या कारागिरासह १८१८ ते १८२२ या काळात वूट्झवर प्रयोग केले. फॅरडे स्वतः लोहाराचा मुलगा होता. जौहराचे कारण अॅल्युमिनियम व सिलिकासारख्या द्रव्यांत असावे असा त्याचा तर्क होता. तो चुकला, पण त्या निमित्ताने मिश्र पोलादाच्या पद्धतशीर अभ्यासाची सुरुवात झाली. पॅरिसमध्ये ब्रेआँ याने मूळ कारण कार्बनच्या अधिक प्रमाणात आहे हे ओळखले. रशियात पावेल अनोसोव याने झ्लातोउस्तच्या कारखान्यात वर्षानुवर्षे प्रयोग करून १८४१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

युरोपीय लोहारांची अडचण भट्टीपेक्षा ऐरणीवर अधिक होती. साधे लोखंड पांढरेशुभ्र तापवून ठोकण्याची त्यांना सवय. वूट्झमध्ये कार्बन दीड टक्क्याच्या आसपास असतो. ते इतके तापवले की घणाखाली भुसभुशीत होऊन फुटते. लालसर रंगाच्या मर्यादेतच ते ठोकावे लागते, हलक्या हाताने आणि कित्येक वेळा तापवून. हे ज्ञान कोणत्याही वड्यांसोबत पेटीत भरून पाठवता येत नव्हते. इस्फहान आणि दमास्कस येथील लोहारांनी ते पिढ्यान्‌पिढ्या हाताने कमावले होते.

फ्लॉरिडातील भट्टी

पात्यातील नक्षीचे कोडे सुटण्यास विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठाचे धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोव्हेन आणि फ्लॉरिडातील नालबंद-लोहार अल्फ्रेड पेंड्रे यांनी अनेक वर्षे एकत्र काम केले. स्वित्झर्लंडच्या बर्न येथील मोझर संग्रहातील अस्सल पात्यांचे नमुने त्यांना अभ्यासता आले. १९९८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा निष्कर्ष थोडक्यात असा : जौहराच्या पांढऱ्या रेघा म्हणजे सिमेंटाइट या लोह-कार्बन संयुगाच्या कणांच्या रांगा. हे कण रांगेत जमतात ते व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांच्या अत्यल्प अंशामुळे. हा अंश ०.०२ टक्क्यांहूनही कमी असला तरी पुरतो. मूस सावकाश निवताना हे अंश विशिष्ट जागी साचतात आणि पुढे वारंवार तापवण्या-ठोकण्याच्या आवर्तनांत सिमेंटाइटचे कण त्यांच्याभोवती गोळा होतात.

या निष्कर्षाने हाजी हुसेनचे कोडेही काही अंशी उलगडते. मिर्तपल्ली आणि कोंडापूरच्या लोखंडाऐवजी दुसरे लोखंड घेतले, तर तीनास दोन हे प्रमाण काटेकोर पाळूनही जौहर उमटेलच असे नाही. लोहाराला व्हॅनेडियम हा शब्द ठाऊक नव्हता. कोणत्या गावचे लोखंड चालते आणि कोणत्या गावचे चालत नाही, हे त्याला ठाऊक होते. जौहर नाहीसा होण्याचे एक संभाव्य कारणही याच संशोधकांनी यातून सुचवले : जुन्या खाणी संपल्या किंवा बदलल्या, नव्या खनिजात आवश्यक अंश नव्हता, आणि कारागिरांना आपली कृती अचानक का फसू लागली ते कळलेच नाही. इतर अभ्यासक शेफील्डच्या स्वस्त पोलादाची आयात, इराणी मागणीतील घट, कोळशाची टंचाई ही कारणे पुढे मांडतात. एकच कारण धरून बसण्याचे प्रयोजन नाही.

पात्यावर आडव्या पायऱ्यांसारखी नक्षी असे. तिला 'किर्क नर्दुबान', म्हणजे चाळीस पायऱ्यांची शिडी, म्हणत. पाते जवळजवळ घडून झाल्यावर त्यावर आडव्या खाचा पाडून ते पुन्हा ठोकून सपाट केले की ही शिडी उमटते, हे पेंड्रे यांनी करून दाखवले. शेवटी पाते घासून-उजळून त्यावर आम्ल किंवा हिराकसासारखा क्षार लावला की काळसर भूमीवर पांढऱ्या लहरी दिसू लागतात. तोपर्यंत कारागिरालाही आपले काम साधले की नाही ते समजत नाही.

२००६ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेनच्या संशोधकांना अशाच एका पात्यात कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या आढळल्या. त्यानंतर 'आपल्या पूर्वजांना नॅनोतंत्रज्ञान अवगत होते' अशी विधाने लोकप्रिय लेखनात दिसू लागली. विद्यार्थ्यांसमोर असे विधान करण्यापूर्वी सावध राहिले पाहिजे. वस्तूत एखादी रचना असणे आणि ती करणाऱ्याला त्या रचनेचे ज्ञान असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारागिराचे ज्ञान रंग, आवाज, वास, हाताला जाणवणारा प्रतिसाद यांचे होते. त्याला आजच्या प्रयोगशाळेची भाषा चिकटवली तर त्याचा गौरव होत नाही, उलट त्याचे स्वतःचे ज्ञान झाकले जाते.

'दमास्कस' नावाची बाजारपेठ

आज बाजारात 'दमास्कस' या नावाने विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य सुऱ्या व खंजीर वूट्झचे नसतात. दोन प्रकारच्या पोलादाच्या पट्ट्या एकमेकींवर ठेवून, तापवून, ठोकून एकजीव केल्या जातात. मग त्या दुमडून, पिळून नक्षी काढली जाते. हीसुद्धा जुनी व कौशल्याची पद्धत आहे. परंतु तिच्यात नक्षी थरांची असते. वूट्झमध्ये ती एकाच वडीच्या पोटातून येते. गोवळकोंड्याच्या खंजिराची प्रतिकृती पट्ट्या जोडून केली तर ती सुंदर होईल, अचूक होणार नाही. संग्रहालयांनी आणि महाविद्यालयीन प्रदर्शनांनी प्रतिकृतीच्या पाटीवर धातूचा प्रकार व कृती स्पष्ट लिहिणे म्हणूनच आवश्यक ठरते.

मूठ आणि जिवंत परंपरा

पात्याची विद्या खंडित झाली, पण दख्खनच्या धातुकामातील दुसरी एक विद्या टिकली. बिदरी कामात जस्तात थोडे तांबे मिसळून ओतीव वस्तू करतात, तिच्यावर नक्षी कोरून चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. नंतर बिदरच्या किल्ल्यातील मातीत नवसागर मिसळून त्या द्रावणात वस्तू बुडवली की जस्त काळेशार होते आणि चांदी तशीच चमकत राहते. हे काम बिदर आणि हैदराबादेत आजही चालते. कोणती माती चालेल हे कारागीर ती जिभेवर ठेवून ठरवतो.

पोलादावर सोन्याची तार बसवण्याच्या दोन रीती होत्या : पृष्ठभाग बारीक रेघांनी खरखरीत करून त्यावर तार दाबणे ही 'कोफ्तगरी', आणि खोल खाच कोरून तार आत ठोकणे ही 'तहनिशान'. प्रतिकृती करणाऱ्याने अस्सल वस्तूवर यांपैकी काय आहे ते भिंगाखाली पाहूनच ठरवावे. झिजलेल्या जागी आडव्या-उभ्या बारीक रेघा दिसल्या तर ती कोफ्तगरी समजावी.

यातून एक तुलना पुढे येते. बिदरी कामाची मातीही तितकीच स्थानिक, कृतीही तितकीच अलिखित. तरीही ती टिकली, कारण उस्तादाकडून शागिर्दाकडे जाणारी साखळी तुटली नाही. ज्या दिवशी कोनासमुद्रमच्या शेवटच्या मुशीखालचा विस्तव विझला, त्या दिवसानंतर हे काम शिकायला शागिर्द उरला नाही. पुढे तीच विद्या परत मिळवण्यासाठी सूक्ष्मदर्शक, रासायनिक पृथक्करण आणि जवळजवळ दोन शतकांचे प्रयोग लागले.

समारोप

व्हॉयसीच्या वर्णनात इस्फहानच्या हाजी हुसेनचे नाव आहे. भट्टीपुढे चोवीस तास बसणाऱ्या लोहाराचे नाव नाही. अल्-किंदीपासून ताव्हेर्निएपर्यंतच्या साधनांतही विकत घेणारा, पारखणारा, वापरणारा यांची नावे येतात. करणारा येत नाही. दख्खनच्या इतिहासातील ही उणीव कागदपत्रांच्या वाचनाने भरून निघणार नाही, कारण ज्याने पोलाद केले त्याने कागद लिहिलाच नाही. त्याने मागे ठेवले ते मुशींचे तुकडे, मळीचे ढीग आणि जगभर पसरलेली पाती.

२०१० मध्ये ब्रिटनच्या एक्सेटर विद्यापीठाच्या व बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेच्या पथकाने उत्तर तेलंगणातील अशा अवशेषांचे गावोगाव सर्वेक्षण केले. शेत नांगरताना आणि रस्ता रुंद करताना हे ढीग नाहीसे होतात. मळीची खडी म्हणून वापर होतो. नांदेड, निजामाबाद, आदिलाबाद, करीमनगर या पट्ट्यातील महाविद्यालयांना यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. गावातील वृद्ध लोहारांच्या तोंडून भट्टीचे, मातीचे, कोळशाच्या लाकडाचे शब्द तेलुगू, उर्दू व मराठीत टिपून घेणे, मळीच्या ढिगांची जागा नकाशावर नोंदणे, एवढे काम विद्यार्थ्यांच्या एका तुकडीला एका उन्हाळ्यात करता येण्यासारखे आहे.

गोवळकोंड्याच्या खंजिराची खरी अचूक प्रतिकृती ज्या दिवशी याच मातीच्या मुशीत, याच डोंगरांच्या लोखंडातून सिद्ध होईल, त्या दिवशी तिला या नोंदींचा आधार लागेल. त्या वेळी पाटीवर लिहिण्यासाठी निदान आजच्या लोहाराचे नाव तरी आपल्यापाशी असावे.